गाळणी धुतली का?

बेळगावात समुद्र नाही, म्हणून लेकीच्या हट्टापायी तो काचेच्या टाकीत आणला. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ, काही दगड आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊन मासे.

मग परीक्षांचे पेपर आले. तीन आठवडे मी फिल्टरला हातच लावला नाही. पाणी तर स्वच्छ दिसत होतं! एका सकाळी मासे वर येऊन धापा टाकू लागले. संध्याकाळी एक गेला. लेक माझ्याशी बोलेना.

माझी आई मूळची धारवाडची, कन्नड घरातली. ती म्हणाली, "अरे, चहाची गाळणी रोज धुतोस ना? मग ही का नाही?"

नेमकं तेच चुकलं होतं. स्पंज विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवतो, नाहीसं करत नाही. अडकलेली घाण त्याच पाण्यात कुजते, अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो.

आता आमचा नेम असा : आधी वीज बंद. कापसासारखा पांढरा थर तीन-चार दिवसांनी बदलायचा. स्पंज दर आठवड्याला, पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात. साबण तर मुळीच नको.

दर रविवारी लेक 'उप्पु नीरु'ची, म्हणजे खाऱ्या पाण्याची, बादली पुढे सरकवते आणि विचारते, "अप्पा, गाळणी धुतली का?"