चिमट्याचा किडा आणि आपले कान

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, मध्यें खाजणें व मिठागरांची सखल जमीन. अशा मीरा-भाईंदरांत पावसाळ्याची ओल कोणाहि गृहिणीस सांगावयास नको. या दिवसांत तुळशीशेजारची कुंडी उचलली कीं, तिच्या तळाशीं शेपटीस चिमटा असलेला एखादा लांबट, तपकिरी किडा पळतांना दिसतो. मुलें किंचाळतात, आजी कानांत कापूस घालावयास सांगतात आणि कर्ते पुरुष विषारी फवारा शोधूं लागतात. यांतील कितपत आवश्यक आहे, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

इंग्रजींत यास ‘इअरविग’ म्हणतात. नांवांतच कान आहे. निजलेल्या मनुष्याच्या कानांत हा शिरतो, अशी युरोपांतील जुनी समजूत. आपल्याकडे हेंच भय गोमीच्या वांट्यास आलें. अमरकोशांत तिला ‘कर्णजलौका’ म्हटलें आहे. परंतु गोमीस विष असतें व ती चावते. हा किडा षट्पद. त्यास विषहि नाहीं, नांगीहि नाहीं. चिमटा बोटास किंचित् टोंचेल, इतकेंच. इतर कोणत्याहि किड्याप्रमाणें हाहि चुकून कानांत जाऊं शकेल. पण कान कांहीं त्याचें वसतिस्थान नव्हे, व तेथून मेंदू पोखरणें ही तर निव्वळ दंतकथा होय. तसा प्रसंग आल्यास कानांत काडी घालूं नये, डॉक्टरांकडे जावें.

जगांत यांच्या सुमारें २,००० जाती आहेत. हिंदुस्थानांतील जातींवर माल्कम बर यांनीं १९१० सालीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढचे पंख आंखूड व चामड्यासारखे, म्हणून शास्त्रज्ञांनीं या गणास ‘चर्मपंखी’ अशा अर्थाचें नांव दिलें. यांतील मादीचें वर्तन मोठें विलक्षण आहे. बहुतेक कीटक अंडीं घालून निघून जातात. ही मात्र ओल्या मातींत अंड्यांवर पहारा करीत बसते आणि बुरशी धरूं नये म्हणून तीं चाटून स्वच्छ ठेवते.

हा किडा निशाचर आहे. कुजकीं पानें, मावा व बारीक किडे हें त्याचें खाद्य; कधीं कधीं कोंवळीं रोपें व फुलांच्या पाकळ्याहि तो कुरतडतो. म्हणजे बागेंत तो निम्मा मित्र, निम्मा उपद्रवी. रोपांची नासाडी होऊं लागली, तरच त्यास धरावें. वर्तमानपत्राची भिजविलेली गुंडाळी सायंकाळीं कुंड्यांजवळ ठेवावी. रात्रभर फिरून किडे पहांटे तींत दडतात. सकाळीं ती साबणाच्या पाण्यांत झटकावी.

घरांत मात्र खरा उपाय कोरडेपणाचा. कुंड्या विटांवर ठेवाव्या, पालापाचोळा भिंतीपासून दूर सारावा, झाडांस पाणी सकाळीं घालावें, मोरीस जाळी बसवावी व दाराखालची फट बुजवावी. इतकेंहि करून एखादा आलाच, तर केरसुणी व सुपली पुरे. ज्या जमिनीवर लहान मूल रांगतें आणि ज्या ओट्यावर अन्न शिजतें, तेथें एका निर्विष किड्यासाठीं विष फवारणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. ओल गेली कीं किडा आपल्या पायांनीं निघून जातो. फवारलेलें विष तसें जात नाहीं.