शिकरण : कोणी, किती आणि कसे खावे?

पाहुणा अवचित दारात उभा राहिला आणि घरात गोडाचे काही नसले, तर आमच्या नामपूरलाच काय, साऱ्या महाराष्ट्रात गृहिणीला आधी आठवते ते शिकरण. केळी आणि दूध घरात असले की दहा मिनिटांत पानात पडते. श्रीखंड-बासुंदीचा मान त्याला नाही, पण आजीच्या हातचे शिकरण-पोळी न खाल्लेला मराठी माणूस विरळा. इतक्या साध्या पदार्थाबद्दल दवाखान्यात मला जितके प्रश्न विचारले जातात तितके पेढ्या-बर्फीबद्दल विचारले जात नाहीत. बाळाला खोकला आहे, चालेल का? आजोबांना साखर आहे, वाटीभर द्यावे का? दूध आणि फळ एकत्र खाल्ल्याने कोड उठते म्हणतात, ते खरे का?

आधी कृती सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिच्यातच असतात. चौघांसाठी मध्यम आकाराची ४ केळी आणि अर्धा लिटर दूध पुरे. दूध चांगले उकळून पूर्ण गार करावे. सुटे दूध न उकळता वापरू नये, आणि गरम दुधात केळे घालू नये. सालीवर बारीक तपकिरी ठिपके पडलेली केळी घ्यावीत. हिरव्या केळ्यात वजनाच्या सुमारे पाचवा भाग पिष्ट असते. पिकताना त्याची साखर होते, आणि ठिपक्याच्या केळ्यात पिष्ट जेमतेम एक-दोन टक्के उरते. म्हणून अशा केळ्याला वरून साखर फार लागत नाही. आमच्या घरी केळी हाताने कुस्करून त्यावर दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालतात व पाच मिनिटे झाकून ठेवतात. रस सुटला की दूध, वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ. काही घरी चकत्या करतात. कवळी बसवलेल्यांना व लहान मुलांना कुस्करलेलेच बरे.

शिकरण पान वाढतानाच करावे. हवा लागली की केळ्यातील एका विकरामुळे ते काळे पडते. त्याने अपाय होत नाही, फक्त रूप जाते. खरी भीती दुधाची आहे. वैशाखात सकाळी कालवलेले शिकरण दुपारच्या पंगतीपर्यंत पातेल्यात राहिले, तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या की दोष केळ्याला दिला जातो. उन्हाळ्यात बाहेर तासाभराहून अधिक ठेवू नये.

आता सर्दीचे. केळ्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूमुळे होते व ती घरातल्या दुसऱ्या शिंकणाऱ्या माणसाकडून येते. थंडगार दूध प्यायल्यावर घशाला दाट वाटते एवढेच. आजारातून उठलेल्या, भूक मेलेल्या मुलाला मऊ, गोड आणि बळ देणारे असे दुसरे काय पटकन मिळणार? सहा महिन्यांनंतर बाळाला स्तनपानाबरोबर कुस्करलेले केळे जरूर द्यावे. मात्र वरचे गायी-म्हशीचे दूध पिण्यासाठी वर्षाच्या आत नको, साखर दोन वर्षांपर्यंत नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

दूध-फळ विरुद्ध आहे, हे मात्र कोणाच्या मनची कल्पना नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात, दुधाबरोबर वर्ज्य सांगितलेल्या फळांत मोच म्हणजे केळे आहे. पण त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की ज्याला सवय आहे, जो थोडे खातो, ज्याचा जठराग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. लोक पहिला भाग सांगतात, दुसरा विसरतात. आधुनिक आहारशास्त्राला या जोडीत दोष आढळलेला नाही. कोडाचा तर याच्याशी काही संबंध नाही. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडाचा प्रकार आहे. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगते, त्यांना शिकरणानेही फुगेल.

मधुमेहींचे गणित मांडून पाहू. एक केळे सुमारे ९० कॅलरी, सव्वाशे मिलिलिटर म्हशीचे दूध सुमारे १३०, दोन चमचे साखर ४०. वाटी झाली २६० कॅलरीची, आणि तिच्यात जवळजवळ ४० ग्रॅम कर्बोदके. सोबत दोन पोळ्या आल्याच. म्हणजे शिकरण हे तोंडी लावणे नव्हे, निम्मे जेवण आहे. साखर आटोक्यात असलेल्यांनी अर्धे केळे, फार न पिकलेले, वरून साखर न घालता, आणि त्या वेळी एक पोळी कमी, असा हिशेब ठेवावा. साखर भडकलेली असेल तर तूर्त नको. निरोगी माणसानेही वरून घातलेल्या साखरेवर नजर ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले म्हटले आहे. सकाळ-संध्याकाळच्या चहातच त्यातली बरीच संपते.

मला सर्वांत काळजी वाटते ती मूत्रपिंडाच्या रुग्णांची. डायलिसिसवर असलेल्या एका आजोबांचे जेवण कमी झाले म्हणून सुनेने मायेने रोज दोन वाट्या शिकरण सुरू केले. आठवड्यात हातापायांतले बळ गेले, छातीत धडधड होऊ लागली. रक्तातले पोटॅशियम वाढले होते. वेळेत मोठ्या रुग्णालयात नेले म्हणून बरे. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, त्यात दुधाचे वेगळे. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते, दुबळ्याला ते जमत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढू शकते. त्या मनाने बंद करू नयेत. केळे किती खावे हे मात्र डॉक्टरांना विचारावे.

गरोदर बायांना घरचे सांगतात, केळे खा, रक्त वाढेल. केळ्यात लोह नगण्य असते. शिवाय दुधामुळे लोहाची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून गोळी आणि शिकरण यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

केळी घेताना कार्बाईडचा प्रश्न येतोच. आपल्याकडची केळी बहुतेक जळगावकडून, रावेर-यावल भागातून येतात. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ती कच्ची निघतात आणि इकडे पिकवली जातात. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला, ठरावीक प्रमाणात, २०१६पासून परवानगी आहे. फळ स्वतः पिकते तेव्हा हाच वायू सोडते. देठ हिरवा आणि साल पिवळी म्हणजे कार्बाईडच, असे ठामपणे सांगता येत नाही, इथिलीनच्या खोलीतली केळीही तशी दिसतात. शंका असेल तर कच्ची फणी आणावी, एका पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवावी. दोन-चार दिवसांत पिकते. साल काढण्यापूर्वी केळी धुवावीत, त्यावरचे हात साल सोलताना आत जातात.

फार पिकून काळी पडलेली केळी शिकरणात घालू नयेत, वास उग्र येतो. आंबूस नसतील तर ती कणकेत मळून घारगे करावेत, किंवा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा शिरा करावा. मात्र तूप प्रसादाच्या सव्वा मापाने न घालता निम्म्यावर आणावे.