तिन्हीसांजेचे शेजारी

मुलांनो, दिवेलागणीची घंटा झाली, की जोयड्याच्या रानाकाठच्या वाड्यांवरून काळ्या सावल्या सरकू लागतात. “केस झाक गो, वाघूळ अडकेल!” असे आजी म्हणते आणि तुम्ही धावत ओटीवर येता. आज त्या सावल्यांशीच तुमची ओळख करून द्यावयाची आहे.

वटवाघूळ हा पक्षी नव्हे. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, त्याचे नाव पक्ष्यांच्या यादीत आढळते. त्या काळच्या लोकांनी उडणाऱ्या साऱ्यांना एकत्र मोजले, यात नवल ते काय? परंतु याला पिसे नाहीत, चोच नाही, आणि ते अंडीही घालीत नाही. आपला पंजा पसरून पाहा. अंगठा सोडून बाकीची चार बोटे खूप लांब वाढली आणि त्यांच्यामध्ये छत्रीच्या कापडासारखे पातळ कातडे ताणले, तर जे होईल तोच वटवाघळाचा पंख. अंगठा मात्र मोकळा व नखीदार असतो; त्याच्या आधाराने ते फांदीवर सरकते. झोपताना ते उलटे टांगून घेते. अंगाच्या भारानेच पायांच्या शिरा ताणल्या जाऊन नखे आपोआप मिटतात, त्यामुळे झोपेतही पकड सुटत नाही. उडावयाचे झाले की पकड सोडावयाची, एवढेच.

आपल्या देशात सव्वाशेहून अधिक जातींची वटवाघळे आहेत. वडा-पिंपळावर लटकणारी थोरली वाघळे फळे खातात; त्यांचे पंख पसरले तर चार फुटांपर्यंत भरतात. ती मोठ्या डोळ्यांनी पाहतात, वासाने पिकले फळ ओळखतात आणि वड, उंबर, जांभूळ यांचे बी दूरवर टाकून येतात. रानातील कितीतरी झाडे अशी त्यांनीच लावलेली आहेत. रक्त पिणारी वटवाघळे अमेरिका खंडातच सापडतात. त्यांची भीती आपण बाळगावयास नको.

लहान वटवाघळे किडे खातात. ती काळोखात कशी उडतात, हा प्रश्न इटलीतील एका धर्मगुरूला पडला. लाझारो स्पालांझानी हे पाविया येथील विद्यापीठात शिकवीत असत. १७९३ साली त्यांनी पाहिले, की अंधाऱ्या खोलीत घुबडही धडपडते. वटवाघूळ मात्र दिसेनासे केले तरी बिनचूक उडते. पुढे जिनिव्हाच्या लुई ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडथळ्यांवर आदळू लागली. कानांनी पाहणे! ही गोष्ट ऐकून अनेक विद्वान हसले. अखेर १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी यंत्राच्या साहाय्याने तो आवाज टिपला. वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणारी बारीक साद घालते आणि तिच्या प्रतिध्वनीवरून किडा कोठे आहे हे ओळखते. तारेसारखी बारीक वस्तूदेखील जे चुकविते, ते आजीच्या अंबाड्यात कशाला अडकेल?

आता आपल्या शेजारची गोष्ट. जोयड्याला लागून उत्तरेस खानापूर तालुका आहे. तेथे तळेवाडीजवळच्या रानात बारापेडे गुहा आहेत. त्या गुहांतील एका वटवाघळाचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली जगापुढे मांडले आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्यास दिले. मोठे कान, मानेमागे फिकट पट्टा, आणि कातड्याबाहेर मोकळी सुटलेली शेपटी, असे त्याचे रूप आहे. ऐंशीहून अधिक वर्षे साऱ्या जगात त्याचे घर म्हणून ही एकच जागा ठाऊक होती. पुढे कंबोडियात व मेघालयात ते आढळले, तरी आजही ते दुर्मीळच आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली झाले, आणि या गुहा त्यातच येतात.

फळे खाणाऱ्या वाघळांच्या वाट्याला मात्र हा मान आला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीस, उपद्रवी म्हणून बसविले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. पेरू-चिकूच्या बागा राखणाऱ्यांना हे रुचणार नाही, हे मी जाणतो.

थोरांसाठीही दोन शब्द. वाघळाने चावलेले फळ मुलांना देऊ नये. २०१८ साली केरळात निपाहचा आजार आला, तो विषाणू मुळात याच वाघळांत राहतो. खाली पडलेले वाघूळ हाताने उचलू नये. चावलेच तर तडक दवाखाना गाठावा. परंतु म्हणून गुहेत धूर करणे, मशाली नाचविणे योग्य नव्हे. उंदरासारखी वटवाघळांची पिल्ले ढिगाने होत नाहीत. मादीला वर्षाकाठी बहुधा एक, फार तर दोन पिल्ले. घाबरून थवा उठला, तर उडता न येणारे पिल्लू छतावरून खाली पडते, आणि त्या वर्षीचा पाळणा रिकामा राहतो.

पिल्लू आईचे दूध पिते. पहिले काही दिवस ती त्याला छातीशी घेऊन राहते. जड झाले की गुहेतच इतर पिल्लांच्या दाटीत ठेवून ती किडे टिपावयास जाते. परत आली की काळोखात, शेकडो पिल्लांच्या गलक्यात, आवाजावरून व वासावरून ती आपले पिल्लू नेमके शोधून काढते.