तुघलकाबादचे दगड आणि हातमागाचे धागे

दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, एक दिवस आग्रा आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी चांदणी चौकात खरेदी. त्यातून एक दिवस वाचवता आला, तर तो दक्षिण दिल्लीतल्या एका ओसाड टेकडीसाठी आणि हातमागाच्या कापडासाठी ठेवावा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि तो थेट आपल्या देवगिरीपर्यंत पोहोचतो!

अरवली पर्वताची टोके दिल्लीत शिरली आहेत. त्यांतल्याच एका खडकाळ टेकडीवर गियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये तुघलकाबाद वसवायला घेतले. मेहरौली-बदरपूर रस्त्यावरून जाताना या किल्ल्याच्या आत कललेल्या, अवाढव्य दगडी भिंती दिसू लागतात. तटबंदीचा घेर सुमारे साडेसहा किलोमीटर. मंगोल स्वारीची भीती होती, म्हणून एवढा बंदोबस्त. आत शिरले की कोरडे हौद, अर्धवट कमानी, भुयारी खोल्या आणि बाभळीची झुडपे. नक्षीकाम शोधू नये, ते मिळणार नाही. सकाळी लवकर जावे, पायांत चांगले बूट असावेत आणि पाण्याची बाटली विसरू नये. मुलांना मात्र हुंदडायला यासारखी जागा नाही. भुयारांत आणि तटाच्या कडेला त्यांचा हात सोडू नका.

एवढे मोठे शहर थोड्याच वर्षांत ओस पडले. पाण्याची टंचाई हे त्याचे एक कारण सांगितले जाते. दिल्लीकर मात्र दुसरीच गोष्ट सांगतात. सुलतानाने सगळे मजूर किल्ल्याच्या कामाला जुंपले, त्यामुळे हजरत निजामुद्दीन औलियांच्या विहिरीचे काम अडले आणि त्यांनी शाप दिला, अशी ती दंतकथा. खुद्द गियासुद्दीन १३२५ मध्ये बंगालच्या मोहिमेवरून परतत असताना स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून मेला. रस्त्यापलीकडे लाल दगडाची, पांढऱ्या घुमटाची त्याची कबर आहे. एकेकाळी ती पाण्याने वेढलेली होती.

त्याच्यानंतर गादीवर आला मुलगा महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी देवगिरीला नेली आणि तिला दौलताबाद नाव दिले. त्याच्या लवाजम्यात दिल्लीकडचे विणकरही दक्षिणेत आले आणि त्यांच्यापासून हिमरूची कला रुजली, असे छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) सांगतात. सुलतान काही वर्षांत दिल्लीला परतला. माग मात्र मराठवाड्यातच राहिले. हिमरूचा ताणा सुताचा, तर नक्षीचा बाणा रेशमाचा. जरीचे किमखाब ज्यांना परवडत नसे, त्यांच्या अंगावर हे कापड शोभे. आज हाताने हिमरू विणणारे माग फारच थोडे उरले आहेत. त्याच नावाने यंत्रावरच्या शाली मात्र ढिगाने विकल्या जातात.

म्हणूनच दुपारी प्रगती मैदानाजवळच्या हस्तकला संग्रहालयात जावे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही बसकी, अंगणांची वास्तू उन्हातही थंड वाटते. येथे देशभरचे जुने विणकाम आणि भरतकाम एका जागी दिसते. चांगले कापड आधी येथे डोळे भरून पाहावे आणि मग बाजारात जावे. निदान फसवणूक तरी कमी होते. सोमवारी संग्रहालय बंद असते, हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळ आयएनएजवळच्या दिल्ली हाटात घालवावी. हा बाजार १९९४ मध्ये सुरू झाला. कारागिराला दलालाशिवाय थेट गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागचा हेतू. यासाठी बरेचसे गाळे आळीपाळीने, साधारण पंधरा-पंधरा दिवसांसाठी दिले जातात. पण येथेही व्यापारी असतातच, तेव्हा डोळे उघडे हवेत.

तर काय पाहावे? कापड आधी उलटे करावे. हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते. नकली पैठणीच्या पाठीवर सुट्या धाग्यांचे जाळे असते. पाटणच्या पटोळ्याचे ताणा आणि बाणा असे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवतात, म्हणून त्याला उलट-सुलट बाजूच नसते. एका साडीला महिनोन्महिने लागतात. कोणी ती दोन-तीन हजारांत देऊ लागला, तर समजून जावे. ठशांच्या छपाईत जोडावर ठसा किंचित हललेला दिसतो. अनेक गृहिणी हाच दोष समजून ते कापड परत करतात आणि यंत्रावर छापलेले, रेघेत बसलेले कापड घेऊन घरी येतात! २००६ पासून हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह आहे, तेही विचारावे.

घासाघीस करायला हरकत नाही, पण त्याआधी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारून पाहा : हे विणायला किती दिवस लागले? व्यापारी लगेच किंमत सांगू लागतो. विणकर असेल तर तो बोटांवर हिशेब करतो, ताणा घरातल्या कोणी लावला, रंग कुठून आणला, हे सांगत बसतो आणि मागे लागलेली दुसरी गिऱ्हाइके ताटकळत उभी राहतात.