हिशेबाबाहेरची ऊब

ब्रिटनमध्ये १९४८ साली अवतरलेल्या मॉरिस मायनर मोटारीचे उत्पादन १९७०च्या दशकारंभीच थांबले. तरी तिथल्या रस्त्यांवर ती आजही दिसते. ऐन थंडीत तिचा हीटर गार पडला, की हौशी मालक गॅरेजकडे न वळता स्वतःच बाह्या सरसावतो. यंत्र तसे साधेच. इंजिनातील गरम पाणी तोटीतून एका छोट्या रेडिएटरमध्ये येते आणि विजेचा पंखा त्यावरून हवा आत लोटतो. दोष बहुधा साचलेल्या गंजाचा. इंजिन थंड असताना पाणी काढून घ्यायचे (त्यात मिसळलेले अँटिफ्रीझ विषारी असते, ते गटारात सोडू नये), दोन्ही रबरी नळ्या सोडवायच्या आणि बागेतल्या नळीने उलट दिशेने पाणी सोडायचे. आधी तांबडा चिखल येतो, मग निवळ पाणी. जीर्ण नळी बदलली, अडकलेली तोटी मोकळी केली, की काम झाले.

अनेक आधुनिक मोटारींत एवढ्याचसाठी सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सुटा भाग स्वस्त, मजुरी मात्र डोईजड! मग धडधाकट गाडी भंगारात जाते, नवी विकली जाते आणि राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. घरच्या दुरुस्तीतून त्यात जमा होते ती केवळ नळीची किंमत. मालकाचे दुपारभराचे श्रम कोठेच नोंदले जात नाहीत. ही रीत हिशेबनिसांच्या सोयीची असेल, परंतु तिच्यावरून समृद्धी मोजणे भाबडेपणाचे आहे. २०२१ साली ब्रिटनने धुलाईयंत्रे, शीतकपाटे आदींचे सुटे भाग पुरविणे उत्पादकांवर बंधनकारक केले. मोटारी त्या नियमांत नाहीत.