घरात बसून राहा, हा काही उपाय नव्हे
शहराची हवा आणि आवाज : ज्येष्ठांसाठी व त्यांच्या शुश्रूषाकर्त्यांसाठी

हिवाळा आला की ज्येष्ठांच्या घरोघरी एक सल्ला हमखास ऐकू येतो : "बाहेर हवा फार खराब आहे, आज फिरायला जाऊ नका." तो प्रेमापोटी दिलेला असतो आणि एखाद्या दिवसापुरता योग्यही असतो. परंतु सत्तरीनंतर चालणे हे औषधच असते. मधुमेह, रक्तदाब, सांध्यांचा ताठरपणा, बद्धकोष्ठ, निद्रानाश आणि एकटेपणा या सर्वांवर ते गुणकारी ठरते. हे औषध महिनोन् महिने बंद राहिले, तर प्रदूषणापासून वाचवलेली व्यक्ती अंथरुणाला खिळण्याची भीती असते. म्हणून ज्येष्ठांनी किती दिवस खिडक्या लावून बसावे, हा खरा प्रश्न नव्हे. ज्येष्ठांना निर्धास्तपणे चालता येईल इतके शहर स्वच्छ आणि शांत कसे करावे, हा खरा प्रश्न आहे.

दोन त्रास, उगम बहुधा एकच

हवेतील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजेच पीएम २.५, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातील केस आणि घशातील कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांपैकी काही रक्तातही उतरतात. त्यामुळे प्रदूषित हवा केवळ खोकला वाढवत नाही; हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढवते. आपल्या देशाच्या मानकांनुसार पीएम २.५ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर अवघी ५ आहे.

आवाजाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मनावर घेतले जात नाही. रात्री कर्कश हॉर्न वाजला आणि झोप मोडली नाही, तरी शरीर त्याची नोंद घेते. नाडी जलद होते, रक्तदाब वर चढतो. असे वर्षानुवर्षे घडत राहिले, तर हृदयावर भार पडतो. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्यांना गोंगाटात समोरच्याचे शब्द उमगत नाहीत आणि हळूहळू ते बोलणेच टाळू लागतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना अचानक झालेला मोठा आवाज अस्वस्थ करतो, हे त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ ऐवजी ७५ डेसिबल आवाज असेल, तर ऊर्जेत शंभरपट वाढ झालेली असते.

हे दोन्ही त्रास बहुतांशी एकाच उगमातून येतात. जुने डिझेल वाहन धूर सोडते आणि घरघरतेही. बांधकामाची जागा धूळ उडवते आणि दणदणाटही करते. त्यामुळे शहराने एक योग्य पाऊल उचलले, तर दोन्ही त्रास एकदम कमी होऊ शकतात.

शहराच्या हाती काय आहे?

पहिला उपाय सार्वजनिक वाहतुकीचा. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७च्या अखेरीस आपल्या सुमारे १६ हजार बसगाड्या विजेवर आणल्या. त्यामुळे रस्त्यावरचा धूर कमी झालाच, शिवाय थांब्यावरून निघणाऱ्या बसची घरघरही थांबली. पुण्यातही २०१९ पासून पीएमपीच्या ताफ्यात विजेवरच्या बस आहेत. मात्र बस विजेवरची असणे पुरेसे नाही. ती वेळेवर यावी, तिची पायरी ज्येष्ठांना चढता येईल इतकी खाली असावी आणि थांब्यापर्यंत सलग पदपथ असावा. तसे झाले तरच दुचाकी घरी राहते. वेगमर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण वेगवान वाहनात इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. तो विजेच्या गाडीचाही होतोच.

दुसरा उपाय बांधकामांना शिस्त लावण्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली जाहीर केली. सत्तर मीटरहून उंच इमारतीच्या बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे लावावेत, इमारत कापडाने झाकावी, राडारोडा नेणारे ट्रक आच्छादलेले असावेत, बाहेर पडताना त्यांची चाके धुतली जावीत, अशी ही कलमे आहेत. ती पाळली जात आहेत की नाहीत, हे समोरच्या गॅलरीत बसलेल्या व्यक्तीला जितके दिसते तितके कोणत्याही निरीक्षकाला दिसत नाही.

तिसरा उपाय धूळ आणि जाळपोळ यांच्या बंदोबस्ताचा. आपल्या आजी अंगण झाडण्यापूर्वी पाण्याचा हबका मारत असत. त्यामागचे शास्त्र रस्त्यांनाही लागू आहे. कोरडा रस्ता खराट्याने झाडला, तर धूळ जागा बदलते, नाहीशी होत नाही. त्यासाठी धूळ शोषून घेणारी यंत्रे हवीत आणि रस्त्याच्या कडेची उघडी माती झाकलेली हवी. पाण्याचे फवारे धूळ काही वेळ बसवतात. वाहनांच्या धुरावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५ हजार रुपये भरपाई आकारण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दिलेला आहे. आपल्या सोसायटीचा पहारेकरी थंडीत पालापाचोळा व प्लॅस्टिक पेटवून शेकत असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याला स्वेटर, कांबळे आणि शक्य असल्यास विजेची शेगडी द्यावी. त्या धुराचा पहिला बळी तोच असतो.

चौथा उपाय हॉर्नला आवर घालण्याचा. २०२०च्या आरंभी मुंबई पोलिसांनी केलेला एक प्रयोग गाजला होता. काही चौकांतील सिग्नलला ध्वनिमापक जोडले गेले. आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. हॉर्न वाजवून वाट लवकर मोकळी होत नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच कोणी शिकवले असेल.

या साऱ्याने खरोखर फरक पडतो का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बीजिंगमध्ये २०१३ साली पीएम २.५ची वार्षिक सरासरी ९०च्या घरात होती. २०२२ मध्ये ती ३०वर आली. कोळशाच्या जागी गॅस आला, जुनी वाहने बाद झाली, कारखान्यांवर कडक बंधने आली. दशकभरात इतके होऊ शकते.

कायदा आपल्या बाजूने आहे

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथील मर्यादा ५० आणि ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवणे आणि आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवणे हेही नियमबाह्य आहे.

रात्रीच्या नियमाचा भंग झाला किंवा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक असला, तर तक्रार करण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे. तातडीच्या वेळी ११२ क्रमांक आहे. तक्रार करताना तारीख, वेळ आणि ठिकाण अचूक सांगावे व तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. एकट्याने भांडणात मात्र पडू नये. असा अर्ज ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावाने, अनेकांच्या सह्यांनिशी गेला तर त्याला वजन येते आणि कोणा एकावर रोषही येत नाही.

तोवर घरी एवढे करावे

• थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यात धूर अडकून राहतो. म्हणून पहाटेऐवजी ऊन चांगले वर आल्यावर, वर्दळीच्या रस्त्यापासून दूर फिरावे.

• केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहावा. तो २००च्या वर असेल, तर दमा, सीओपीडी वा हृदयविकार असलेल्यांनी त्या दिवशी घरातच हातपाय हलवावेत. मात्र चालणे सोडून देऊ नये.

• कापडी मुखपट्टी सूक्ष्म कण अडवत नाही. एन ९५ अडवते. पण श्वसनविकार असल्यास ती वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

• डासांची कॉइल, धूप आणि उदबत्ती यांचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नये. डासांसाठी मच्छरदाणी उत्तम.

• शुश्रूषा करणाऱ्यांनी ज्येष्ठांचा बिछाना शक्य तर रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत घालावा. ज्येष्ठांनी एकटे असताना कानात बोळे घालू नयेत. दाराची घंटा वा कोणाची हाक ऐकू यायला हवी.

• धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे वा अचानक गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसल्यास हवा सुधारण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

ही काळजी आजच्या दिवसापुरती आहे. उद्यासाठी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढील बैठकीत आपल्या परिसरातील केवळ एक ठिकाण निवडावे. ते उघडे पडलेले बांधकाम असेल, रोज कचरा जळणारा कोपरा असेल किंवा रुग्णालयासमोरचा गोंगाटाचा चौक असेल. महिनाभराच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या घेऊन पालिकेच्या विभागीय कार्यालयात जावे. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. नोकरीधंद्याच्या धावपळीत तरुणांना ही चिकाटी परवडत नाही. आपल्याला ती परवडते, आणि त्या कोपऱ्यावरून नातवंडांनाही रोज शाळेत जायचे आहे.