वाडा विकणे आहे

वाई, सासवड, पैठण अशा जुन्या गावांतून हिंडताना एखाद्या मोठ्या दरवाजावर ‘वाडा विकणे आहे’ अशी पाटी दिसते. आत डोकावले, तर चौक, ओसरी, माजघर, परसात आड, वर कडीपाट आणि चांगल्या हातभर जाडीच्या भिंती. मुलेबाळे पुण्या-मुंबईस गेलेली, डागडुजी परवडत नाही. म्हणून वाडा विकावयाचा. त्यात गैर काही नाही. पण पाटी लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हवे. हा वाडा आहे तरी कोणाचा?

‘घरपट्टी मी भरतो, तेव्हा वाडा माझा,’ असे पुष्कळजण म्हणतात. पण घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. कर कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच तो सांगतो. जेथे नगर भूमापन झाले आहे, तेथे मिळकत पत्रिका काढावी. तिच्यावर कित्येकदा आजोबांचेच नाव असते! तिच्या जोडीला जुनी खरेदीखते व वाटणीपत्रे पाहावीत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याची वकिलांची रीत आहे. ती मोडू नये.

आता हिस्सेदार कोण, ते पाहू. हिंदू कुटुंबापुरते बोलायचे, तर १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसल्यास, मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना सारखा हिस्सा दिला. पण गंमत पाहा, त्याच कायद्यात एक अट होती. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस करीपर्यंत मुलीला ती मागता येत नसे. हिस्सा कागदावर, किल्ली भावाकडे! ही अट २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकली. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र या दुरुस्तीची बाधा येत नाही.

तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेली बहीण ही पाहुणी नव्हे, हिस्सेदार आहे. तिला आपला हिस्सा सोडावयाचा असेल, तर ते हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे लागते. ‘ताई काही म्हणणार नाही,’ एवढ्यावर खरेदीखत उभे राहत नाही.

समजा, एका भावाने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकून टाकला. मग काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याने घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीस विकत घेता येतो. म्हणून अर्धा वाडा स्वस्तात मिळतो आहे असे ऐकून हुरळून जाऊ नका, बरं का!

घेणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, चतुःसीमा. सामाईक भिंत, बोळ आणि आडाचे पाणी यांवर कोणाची वहिवाट आहे, ते शेजाऱ्यांना समक्ष विचारावे. दुसरी, वाड्यातील माणसे. वाडा विकला गेला म्हणून जुन्या भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. आणि इसार देऊन साठेखत झाले, तरी मालकी बदलत नाही. ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच बदलते.

मागच्या खोलीत एखादी वृद्ध आत्या किंवा काकू राहत असेल, तर तिची पुढची सोय काय, हे सर्वांनी आधी बसून ठरवावे. तिचाही हिस्सा असू शकतो. आणि बहिणीची संमती हवी असेल, तर खरेदीच्या दिवशी तिला थेट कचेरीत बोलावू नये. आधी तिच्या घरी जावे, कागद तिच्यापुढे ठेवावेत, किंमत सांगावी आणि तिला विचार करावयास वेळ द्यावा. दरवाजावरची पाटी त्यानंतर लावावी.